मेथीवाली बिल्डिंग

मंगरूळपीरहून येणारी एसटी शेलूबाजारच्या अलीकडे हळू होते तेव्हा कंडक्टर ओरडतो, "मेथीवाली बिल्डिंग कोन हाये? उठा लवकर!" बिल्डिंगीवर मोठ्या अक्षरांत दुसरंच नाव आहे. ते नाव ठरवायला गिऱ्हे घराण्यात चांगले आठ-दहा दिवस वाद झाले होते. पण ते एकाही माणसाच्या तोंडात बसलं नाही. नवीन माणूस उतरला की इकडेतिकडे मेथी शोधतो. मेथी आता तिथं नाही. पण एका हिवाळ्यात होती. हॉलात होती, झोपायच्या खोल्यांत होती, सैपाकखोलीत सांबार होता. सांबार म्हणजे शहरातले लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ती. आमच्याकडे तो सांबारच, आणि त्याच नावानं तो जास्त वास देतो.

ही बिल्डिंग सुचिता गिऱ्हेची. म्हणजे नकाशा तिनं काढला, बांधली तिनं आणि विकलीही तिनंच. आमच्या भागात ही तीन कामं तीन माणसं करतात. नकाशावाला एक, बांधणारा दुसरा, विकणारा तिसरा. घर गळायला लागलं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि घरमालक घमेलं मांडून बसतो. सुचितानं बोट दाखवायची सोयच ठेवली नाही.

तिचा बाप चंपतभाऊ. हायवेला लागून त्याचा मळा. वांगी, टमाटे, पालक, मेथी, जे वर्षभर विकतं ते सगळं. माय गिरजाबाई बाजारात बसते, आणि तिच्या ढिगातली जुडी उचलून खाली ठेवणाऱ्याकडे अशी काही बघते की तो माणूस दोन जुड्या घेऊनच जातो. सुचिता लहानपणी बापाच्या मागं दोरी धरून उभी राहायची. चंपतभाऊ वाफे पाडायचा, ती दोरी ताणून धरायची. वाकडा वाफा तिला तेव्हापासून सहन होत नाही.

अमरावतीला आर्किटेक्ट झाली, नागपुरात एका मोठ्या ऑफिसात काम केलं. तिथं तिनं एका बिल्डिंगीला रुंद गॅलऱ्या काढल्या होत्या. बाईमाणूस उन्हात बसेल, पापड टाकेल, असा हिशेब. बिल्डिंग उभी राहिल्यावर ती पाहायला गेली तर गॅलऱ्यांच्या खोल्या झालेल्या. एक बाई जिन्याच्या कठड्यावर कुरडया वाळवत होती. तिनं सुचिताला विचारलं, "हे घर काढलं कोणी हो? त्याच्या घरी कुरडया करत नाहीत का?" सुचिता जिना उतरून खाली आली. दोन महिन्यांनी सामान घेऊन घरी आली.

"चित्र माझं आन् घर दुसऱ्याचं, तं शिव्या मले काहून?" ती बापाला म्हणाली. "आता चित्रबी माझं, घरबी माझं. रस्त्याकडचा पट्टा मले द्या."

त्या पट्ट्यावर बाहेरगावच्या एका माणसाचा डोळा होता. त्याला तिथं गोदाम घालायचं होतं. वर्षभर तो चंपतभाऊला फोन करत होता. चंपतभाऊनं विचार केला, बायकोशी बोलला, आणि वांग्याला औषध मारता मारता पोरीला सांगून टाकलं. "पाडव्यापर्यंत सहा घरं ठरली तं पट्टा तुया. नाही ठरली तं गोदामवाल्याले देतो, आन् तू नागपूरले परत जाजो. मागचा मळा मोडाचा नाही, बापाच्यानं सांगतो."

बारा घरांपैकी सहा. दिवाळी नुकतीच झालेली. सुचिताला सोपं वाटलं.

नकाशा चांगलाच होता. तीन बाजूंनी घरं, चौथी बाजू रस्त्याकडे उघडी, मधोमध मोठं अंगण. तिनं ते मुद्दाम काढलं होतं, कारण आपल्याकडे घर बघायला आलेला माणूस खोल्या नंतर मोजतो. आधी विचारतो, मांडव कुठं टाकायचा. पोरीची हळद, पोराची वरात निघायची, घरातलं म्हातारं माणूस गेलं तर लोकांनी बसायचं कुठं, हे सगळं दारापुढच्या मोकळ्या जागेत होतं. मंगल कार्यालय असतं, पण ते लग्नासाठी. मांडव घरचाच लागतो.

पहिले आले ते रामराव आणि सोजरबाई. गाव जऊळक्याच्या बाजूला, घरचं वावर, पोरगी संस्कृती मंगरूळपीरच्या कॉलेजात. रोजच्या जाण्यायेण्यानं पोरगी वाळून चालली म्हणून शेलूबाजारात घर बघत होते. सुचितानं कागद पसरला. रामरावनं चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

"मांडो कोठी टाकाचा, माय?"

"हे काय काका, मोठं अंगन हाये ना मधात."

"हे तं कोरं हाये. इथं तू काहीच काढलं नाही."

"अंगन असंच काढतात कागदावर. मोकळं."

"मोकळं हाये म्हंजे कोनी बी भरन," रामराव म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

त्याच्यामागं आणखी तीन-चार जण आले आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून तसेच गेले. मग सुचितानं चुन्याची फक्की आणली, दोरी ताणली, आणि खालच्या मजल्याचा नकाशा जमिनीवर खऱ्या मापात मारला. भिंती, दारं, न्हाणी, सगळं. कागद नाही समजत तर चालून बघा, म्हणाली.

पण लोक चालून बघायला यायच्या आत लखीराम आला.

लखीराम राठोड प्लॉटचा दलाल. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, त्यातला एक कधीच चालत नाही. शेलूबाजारात कोणती जागा कोणाची आणि कोणाला विकायची घाई आहे, हे तलाठ्याच्या आधी त्याला माहीत. त्यानं फटफटी लावली, चुन्याच्या रेघांवरून सरळ चालत अंगणाच्या मधात आला आणि उभा राहिला.

"ताई, हे काय सोडलं?"

"अंगन."

"हायवेच्या तोंडावर? अवं ताई, इथं चार दुकानं बसतात. तोंड बंद करा, दुकानं काढा, मी उद्या गिऱ्हाईक आनतो. अंगन कोनी इकत घेत नाही. आजलोक मले कोनी विचारलं नाही, लखीराम, एखांदं चांगलं अंगन दाखव म्हनून."

सुचितानं मान हलवून त्याला वाटेला लावलं. पण तो गेल्यावर दुपारभर तिच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येत होता. गिरजाबाईनं दारातून डोकं घातलं.

"कोनासंग भांडून राह्यली व?"

"बिल्डरसंग."

"बाप्पा! आला कवा तो? चहा ठेवू काय?"

"मीच हावो आई बिल्डर. आन् नकाशावाली बी मीच."

"मंग कोन जिकून राह्यलं?"

"बिल्डर."

"खाऊन घे उलीसं," गिरजाबाई म्हणाली. "दोघी बी उपाशी असान."

त्या दिवशी बिल्डर जिंकला. सुचितानं संगणकावर अंगण पुसलं, चार दुकानं काढली, लखीरामला तेवढं कळवलं, बापाला काही सांगितलं नाही, आणि खांबांचा आणि लोखंडाचा हिशेब करून आणायला नागपूरला गेली. मंजुरीचे कागद यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागणारच होता. जमिनीवर जुन्या रेघा तशाच होत्या. आल्यावर नव्या मारू, असा तिचा विचार.

नागपूरचं काम लांबलं. इकडे चंपतभाऊ रोज सकाळी मळ्यात जाताना ती मोकळी जागा बघायचा. हिवाळ्याचे दिवस, जमीन भुसभुशीत, विहिरीला पाणी, आणि वर फक्त चुन्याच्या रेघा. दोन दिवस त्यानं तोंड फिरवून काढले. तिसऱ्या दिवशी फावडं घेऊन उतरला.

सुचिता परत आली, एसटीतून उतरली आणि रस्त्यावरच उभी राहिली. तिची बिल्डिंग हिरवीगार उगवून आली होती.

"बाबा, हे काय केलं?"

"मेथी हाये. सैपाकखोलीत सांबार."

"दिसते मले मेथी! पन माया बिल्डिंगीत?"

"बिल्डिंग कोठी हाये? यीन तवा यीन. तवरलोक जमीन कायले उपाशी ठेवू?" चंपतभाऊ जराही ओशाळला नाही. "आन् पाय, तुयी एक रेघ मोडली असन तं सांग. भितीच्या जागी वरंबे घातले. दारं होती तठी फट ठेवली पान्याले. हॉलात पानी सोडलं का दारातून बरोबर सैपाकखोलीत जाते, तठून झोपाच्या खोलीत. फक्त तुया बाथरूमात चढत नाही. कोरडं राह्यलं ते."

गिरजाबाईला हसू आवरेना. सुचिताही हसली असती, पण तिची नजर मधल्या जागेवर गेली होती. ती तशीच मोकळी, साफ झाडलेली.

"इथं काहून नाही पेरलं?"

"अंगनात कोनी पेरते काय व? जुड्या बांधाले जागा लागते."

पोरगी पिशवी उचलून घरात गेली. बापाला वाटलं, प्रवासानं थकली असेल.

मेथी कापणीला आली. बिल्डिंगीतली मेथी ही गोष्ट बाजारात गिरजाबाईनंच पसरवली, आणि बाया थेट जागेवर यायला लागल्या. येतात तर खुशाल याव्या, पण चंपतभाऊची एक अट होती. वरंबा तुडवायचा नाही.

"ओ बाई, भितीतून काहून येऊन राह्यल्या? तठी दार हाये!"

"मले मेथी पाह्यजे, घर नाही पाह्यजे."

"मेथी झोपाच्या खोलीत हाये. हॉलातून जा, उजव्या हाताले वळा."

अशा रीतीनं शेलूबाजारच्या बायांना खालच्या मजल्याची चारही घरं पाठ झाली. कोणत्या घराची सैपाकखोली मोठी, कुठल्या घराला सकाळचं ऊन येतं, यावर एसटी स्टँडवर बोलणं व्हायचं. "उगवतीकडच्या हॉलातली मेथी कोवळी हाये," असं गिऱ्हाईक नावानिशी मागायचं. मेथी घेतली की बाया अंगणात बसून निवडायच्या, कारण ऊन छान होतं आणि बसायला जागा होती. घरी जायची घाई कोणालाच नसायची. सुचिता हे सगळं गॅसच्या शेगडीवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तसं बघत होती. लक्ष सगळं तिकडेच. बाया बसायच्या त्याच जागेवर तिनं संगणकात चार दुकानं काढून ठेवलेली होती.

एका सकाळी रामराव आणि सोजरबाई पुन्हा आले. घर बघायला नाही, मेथीची कीर्ती ऐकून. सोजरबाई इतर बायांत जाऊन बसली आणि दुसऱ्याचीच मेथी निवडू लागली. रामराव अंगणात उभा राहिला. एकदा या भिंतीकडून त्या भिंतीकडे चालला, एकदा रस्त्याकडून आत. मग मधात येऊन दोन्ही हात पसरले.

"का गा चंपतभाऊ, हे कोनाचं?"

"अंगन? सगळ्यायचं."

"म्हंजे आमी घर घेतलं तं आमच्या संस्कृतीचा मांडो इथं टाकता यीन?"

"यीन नाही तं काय! दोन मांडो बसतात."

"ह्या पोरीनं हेच दाखवलं होतं मले कागदावर?" रामराव म्हणाला. "मंग तवाच सांगाचं ना, हे हाये म्हनून."

तेवढ्यात फटफटी वाजली. लखीराम उतरला तोच आनंदात. "ताई, पेढे आना! दोन दुकानं गेली. गिऱ्हाईक उद्या येते."

"दुकानं?" रामराव म्हणाला. "कोठी हायेत दुकानं?"

"तुमी उभे हाये ना काका, बरोबर तिथंच."

रामरावनं आपल्या पायांकडे पाहिलं. चंपतभाऊनं पोरीकडे पाहिलं. बायांचे हात मेथीत थांबले. सोजरबाई उठली, पदर झटकला. "चाला. मेथी घ्या आन् चाला."

इथं सुचिताला खोटं बोलता आलं असतं. बघू, करू, तुमच्यासाठी काहीतरी सोय काढू, असं बोलून या धंद्यात माणसं अडकवतात, आणि ती अडकतातही. तिनं सरळ सांगितलं, "काका, पहिल्या नकाशात अंगन होतं. आता नाही. पुसलं."

"कोनं पुसलं?"

"बिल्डरनं."

"कोन हाये तो? बोलाव त्याले. आमी बोलतो."

"मीच हावो, काका."

रामराव असा हसला की लखीरामही हसला. "मंग हे तं घरातलं भांडन हाये, माय. घरात मिटव. आमी तवरलोक बसतो. कोनी चहा करते काय?"

गिरजाबाई चहाला गेली. सुचितानं दोरी उचलली आणि एक टोक बापाच्या हातात दिलं. लहानपणी बाप वाफे पाडायचा आणि ती दोरी धरायची. आता ती रेघा सांगत होती आणि बाप ताणून धरत होता. रस्त्याकडच्या दोन टोकांच्या खोल्या तिनं घरांतून तोडल्या. एका टोकाला एक दुकान, दुसऱ्या टोकाला दुसरं, दोन्ही रस्त्याकडे तोंड करून. तोडलेल्या खोल्या भरून काढायला खालचं एक घर कमी झालं. बाराची अकरा झाली. मधलं अंगण जसंच्या तसं राहिलं. हे करताना एका कोपऱ्यातला सांबार तुडवला गेला आणि चंपतभाऊ हळहळला.

"चारची दोन झाली," लखीराम म्हणाला. "आन् घरबी एक गेलं. ताई, मी पुन्हा सांगतो, अंगन कोनी इकत घेत नाही."

"अख्खं कोनी घेत नाही, लखीरामभाऊ. मी अकरा जनायले इकतो. उलीसं उलीसं."

"म्हंजे?"

"घराच्या कागदात अंगनाचा हिस्सा लिहून देतो. अकराही जनायच्या नावानं. मंग उद्या मी बी दुकान टाकाचं म्हनलं तं अकरा जनायच्या सह्या लागतीन. बिल्डरच्या हातात ठेवाचंच नाही ते."

"स्वतःवर इस्वास नाही काय तुमचा?"

"एकडाव पुसलं ना म्या," सुचिता म्हणाली. "आता तिले ओळखतो मी."

रामराव चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "पह्यलं घर माझं. उगवतीकडचं. जिथं मेथी कोवळी हाये ते."

त्यानंतर फार धावावं लागलं नाही. ज्या बाया दारातून जाऊन मेथी कापत होत्या त्यांनीच नवऱ्यांना आणलं, आणि नवऱ्यांना घर त्याच दाखवायच्या. "इथून या, तठी भित हाये." पाच नावं ठरली. सहावं अडलं. पाडवा तोंडावर आला तेव्हा लखीराम एकटाच आला, गिऱ्हाईक सोबत नव्हतं. इकडचंतिकडचं बोलला, वरच्या मजल्यावर हवा कशी येईल ते विचारलं.

"कोनासाठी विचारून राह्यले, भाऊ?"

"माझ्याचसाठी," लखीराम म्हणाला. "आमच्याकडं लगन म्हनलं का आख्खा तांडा येते. मंगल कार्यालयवाला आमाले पाहून दार लावते. एवढं अंगन दुसरीकडं दाखवा मले."

पाडव्याला गोदामवाल्याचा फोन आला. चंपतभाऊ गुढीला साखरेची गाठी बांधत होता, म्हणून फोन गिरजाबाईनं घेतला. "जागा भरली भाऊ," ती म्हणाली. "हो, गोदामच हाये, पन मानसायचं."

खोदकामाला जेसीबी आला त्या दिवशी मात्र चंपतभाऊ आडवा झाला. एका सैपाकखोलीत त्यानं उशिरा पेरलेला सांबार अजून उभा होता. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं, सगळ्यांनी मिळून सांबार उपटला, आणि जेसीबीवाला दोन जुड्या घेऊन कामाला लागला. न्हाणीला मात्र सुचितानं आधीच वेगळा उतार दिला होता. पाणी चढत नाही हे बापानं सांगितलं ते तिनं हसण्यावारी नेलं नव्हतं.

बिल्डिंग उभी राहिली. ती फार देखणी आहे असं नाही. रंग ठरवताना अकरा घरांनी अकरा मतं दिली आणि शेवटी पिवळा लागला, जो कोणालाच पाहिजे नव्हता. पण अंगण बघण्यासारखं आहे. फरशीत जागोजागी लोखंडी झाकणं आहेत, आणि प्रत्येकाखाली जमिनीत पाईप गाडलेला. मांडवाच्या खांबांसाठी. फरशी फोडायची नाही, दोरखंड कुणाच्या खिडकीला बांधायचे नाहीत. झाकण उचलायचं, खांब उभा करायचा. ही युक्ती सुचिताची. नकाशावालीची की बिल्डरची, हे विचारलं तर म्हणते, दोघींनी मिळून केली.

मागच्या उन्हाळ्यात तिथं पहिला मांडव पडला. संस्कृतीचाच. अकरा घरांच्या बाया अंगणात, दुकानवाल्यांनी आपापली शटरं अर्धी खाली घेतलेली, लखीराम सगळ्यांना कुठं बसायचं ते सांगत होता, आणि कोणी ऐकत नव्हतं. मुहूर्तमेढीची वेळ झाली. रामरावनं झाकण उचललं, पूजा झाली, आंब्याचे डहाळे बांधलेली लाकडाची मेढ पाईपात उतरवली, आणि ती घंटेच्या लोलकासारखी हलायला लागली. सुचितानं पाईप घेतले होते ते मांडववाल्यांच्या लोखंडी खांबांच्या मापाचे. पहिली मेढ लाकडाची असते, आणि बारीक असते, हे तिच्या ध्यानातून गेलं होतं.

"नकाशावाली कोठी गेली?" रामराव ओरडला. "आन् बिल्डरले बी घेऊन ये!"

सगळे हसले. सुचिता आली, मेढ धरून पाहिली, पाईपात बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "पुढच्या बिल्डिंगीले दोन मापाचे टाकीन." तोवर चंपतभाऊ मळ्यातून खुंट्या तासून घेऊन आला होता. त्यानं त्या चारी बाजूंनी ठोकल्या, मेढ हलवून पाहिली, मेढीला दोरी बांधली आणि तिचं टोक पोरीच्या हातात दिलं.

"तानून धर," म्हणाला. "वाकडी होऊन राह्यली."